फुरशाच्या वाटेने: काळा घोडा ते दादर

मुंबईत फुरशाचा माग काढायचा तर सुरुवात लायन गेटसमोरून करावी. शहीद भगतसिंग मार्गावर, नौदलाच्या गोदीच्या दारासमोर हॉर्नबिल हाउस आहे, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं घर. गणपती तोंडावर आले होते. फोर्टातल्या फुटपाथांवर पाणी साचलेलं होतं, आणि गावी निघण्याआधी मला या टोकापासून दादरपर्यंतचा रस्ता एका सापासाठी पालथा घालायचा होता. तो साप राहतो रत्नागिरीच्या सड्यावर, देवगडच्या कातळावर. पण त्याच्याविषयी माणसांनी जे शिकून घेतलं, त्यातलं पुष्कळसं मुंबईच्या या दहा-अकरा किलोमीटरांत शिकलं गेलं.

फुरसं लहान असतं. हातभर लांबीचं म्हणजे मोठंच. मातकट तपकिरी अंग, पाठीवर फिकट ठिपक्यांची रांग, दोन्ही कुशींना नागमोडी रेघ आणि डोक्यावर बाणाच्या टोकासारखी फिकट खूण. जांभ्यावर स्वस्थ बसलेलं असलं तर दोन पावलांवरूनही नजरेला पडत नाही. कुशीवरच्या खवल्यांच्या रांगा तिरक्या असतात आणि त्यांच्या कण्यांना करवतीचे दाते असतात. डिवचलं की ते अंगाची वेटोळी एकमेकांवर उलटसुलट घासतं आणि आवाज निघतो, तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा. तोंडाने फूत्कार टाकला तर श्वासावाटे अंगातला ओलावा जातो. अंग घासून आवाज काढला तर तो वाचतो, असं अभ्यासक मानतात. कोरड्या मुलखात जगणाऱ्या जिवाला ही काटकसर उपयोगाची. पश्चिम आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण, सिंध आणि थरच्या वाळूपर्यंत फुरशाची भावकी पसरलेली आहे.

मग हे वाळवंटातलं जनावर पावसाने झोडपल्या जाणाऱ्या कोकणात कसं? याचं उत्तर सड्यावर उभं राहिल्यावर मिळतं. चार महिने तिथे धो धो पाऊस असतो, पण जांभा पाणी धरून ठेवत नाही. पाऊस सरला की गवत वाळतं, दगड तापतो, आणि पुढचे आठ महिने ते पठार उघडंबोडकं, रखरखीत असतं. खाली गाव हिरवंगार आणि वर माळरान. त्या माळावरच्या सुट्या दगडांखाली, कातळाच्या कपारींत आणि आंब्याच्या बागांना घातलेल्या जांभ्याच्या गडग्यांत फुरसं सुखाने नांदतं. विंचू, गोम, बेडूक, सरडे, उंदराची पिल्लं, त्याला खायला काही कमी नसतं. फुरसं अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतं, आणि पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असतं.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, ॲरिझोनाच्या वाळवंटात, फुरसं अंग घासून जो इशारा देतं, तेच काम रॅटलस्नेक शेपटीच्या टोकाच्या खुळखुळ्याने करतो. आपली नखं ज्या केराटिनची असतात त्याच्याच पोकळ कड्या एकीत एक अडकलेल्या असतात आणि शेपूट सेकंदाला पन्नासहून अधिक वेळा थरथरते. प्रत्येक वेळी कात टाकली की एक कडी वाढते. कड्या मोजून वय सांगता येतं हा समज मात्र चुकीचा आहे. वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा कात पडते आणि जुन्या कड्या तुटून जातात. रॅटलस्नेक भारतात नाही. पण तो आणि फुरसं एकाच घोणसकुळातले. रॅटलस्नेकच्या डोळ्या-नाकपुडीच्या मध्ये उष्णता ओळखणारा खळगा असतो, फुरशाला तो नाही. आपल्या सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्याला आहे.

हे नातं सांगण्याचं कारण आहे. अमेरिकेत दरवर्षी सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि त्यांतली पाचेक माणसं दगावतात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली, वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. आपल्याकडचे नाग-मण्यार अधिक घातक आहेत हे खरं, पण एवढी तफावत केवळ सापांमुळे पडत नाही. अनवाणी पाय, अंधार, जमिनीवरची झोप, मांत्रिकाकडे गेलेले तास आणि दवाखान्याचं अंतर, या गोष्टी माणूस मारतात. ॲरिझोनाचा माणूस वाळवंटात रॅटलस्नेकच्या शेजारी घर बांधून राहतो आणि म्हातारा होऊन मरतो. कोकणातल्या माणसालाही ते जमायला हवं.

हॉर्नबिल हाउसमध्ये राहणाऱ्या या संस्थेची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ ला झाली, तेव्हा आठ जण जमले होते. सहा युरोपीय, दोन मराठी: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. १८८६ पासून संस्थेचं नियतकालिक निघू लागलं आणि अगदी सुरुवातीपासून त्यात साप येत राहिले. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी करणारा मुलकी अधिकारी जी. डब्ल्यू. विडाल याने १८९० मध्ये त्यात विषारी सापांवर एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की मुंबई इलाख्यात नागाची भीती सगळ्यांना, पण माणसं मारण्यात फुरशाचा वाटा फार मोठा, आणि त्याकडे कोणाचं लक्ष नाही. सरकारी कागदांत तेव्हा ‘साप चावून मेला’ एवढंच लिहिलं जाई. कोणता साप, हे विचारण्याची पद्धत नव्हती. विडालने ते विचारलं. पुढे फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने भारतातल्या सामान्य सापांवर वर्षानुवर्षं लेखमाला चालवली. आज कोणी तरुण सर्पमित्र खवल्यांच्या रांगा मोजून जात ओळखतो, तेव्हा त्यामागे या पानांतली मेहनत असते.

त्याच एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर सरकारने इनाम लावलं होतं. लोकांनी लाखांनी फुरशी मारली. इनाम बंद झालं, फुरसं आहे तिथेच राहिलं. हा प्रयोग आपल्याच मातीत एकदा होऊन गेलेला आहे, त्यामुळे ‘दिसलं की ठेचा’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी हा दाखला देतो. आता सापांना वन्यजीव संरक्षण कायदाही लागू आहे.

हॉर्नबिल हाउसपासून बस धरून गिरगावात उतरलो. प्रार्थना समाजाच्या थांब्यावर रोज हजारो माणसं चढतात-उतरतात. तो समाज १८६७ मध्ये उभा करणारे आत्माराम पांडुरंगच सोळा वर्षांनी निसर्ग-इतिहासाच्या त्या पहिल्या बैठकीत बसले होते. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत आणि देशी औषधींवर लिहीत. रखमाबाईंचे ते सावत्र वडील. सुधारणेचं काम आणि झाडापानांचं, किड्यासापांचं काम या माणसांच्या लेखी वेगवेगळं नव्हतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गिरगावातल्या वाड्यांत साप आता क्वचितच. पण नागपंचमी मात्र इथे घराघरांत पाळली जाते: पाटावर चंदनाने काढलेला नाग, लाह्या, पुरणाची दिंडं, आणि त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही. पूर्वी गारुडी टोपल्या घेऊन चाळींच्या अंगणात येत. दात काढलेला, उपाशी ठेवलेला नाग तहानेने व्याकूळ होऊन दुधात तोंड घाली आणि बायका हात जोडत. साप दूध पचवू शकत नाही. गारुडी थांबले हे चांगलंच झालं. मुगभाटातल्या एका चाळीच्या जिन्यात एक आजी भेटल्या, सून गावाला जायची बॅग भरत होती. ‘आमच्याकडे राजापूरला पान लागलं की देवळात नेत,’ त्या म्हणाल्या. पान लागणं म्हणजे साप चावणं. ‘माझ्या नणंदेला तसंच नेलं. ती दोन दिवस जगली. हिरड्यांतून रक्त थांबेना.’ एवढं बोलून त्या गप्प झाल्या आणि मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, ‘विजेरी घेतलीस का गं?’

हिरड्यांतलं ते रक्त म्हणजे फुरशाची सही. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंवर जातं, पापण्या मिटतात, श्वास बंद पडतो. फुरशाचं आणि घोणसाचं विष रक्तावर जातं. जखम झाल्यावर रक्त गोठवणारे जे घटक शरीरात असतात त्यांना हे विष एकदम कामाला लावतं, ते सगळे वापरून संपतात, आणि मग रक्त गोठतच नाही. दंशाच्या जागेतून, हिरड्यांतून, लघवीतून ते झिरपत राहतं. माणूस शुद्धीवर असतो, बोलत असतो, म्हणून घरच्यांना वाटतं की धोका टळला. फुरशाच्या बाबतीत हा सगळ्यात मोठा घात आहे.

भायखळ्याला पोचेपर्यंत सर येऊन गेली होती. राणीच्या बागेशेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, म्हणजे जुनं व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम. १८८३ ची ती बैठक इथेच भरली होती. इथून थोडं दक्षिणेला जे.जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडकीला आला आणि वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाला मुंबईत बोलावण्यात आलं. ग्रँट कॉलेजातल्या लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. सापाशी याचा संबंध लगेच कळत नाही. तो परळला गेल्यावर कळतो.

परळच्या आधी लालबाग लागतं, आणि लालबागला थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही. गणेश गल्लीत मंडपाचं काम चाललं होतं, मसाल्याच्या गल्लीत मिरचीचा ठसका हवेत भरून राहिला होता. उड्डाणपुलाखालून जाताना दर दोन दुकानांमागे गणपती स्पेशल बसचा फलक. हे कोकणाचंच गाव आहे, फक्त शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांच्या भोंग्यावर येऊन वसलेलं. गिरण्यांत काम करणारे पुरुष एकेका खोलीत पाळ्यांनी झोपत, खाणावळीत जेवत आणि मनीऑर्डर गावी पाठवत. गावी राहिलेल्या बायका लावणी करत, गवत कापत, लाकडं वेचत, काळोखात गोठ्यात जात. फुरसं चावायचं ते त्यांना आणि त्यांच्या पोरांना. इकडे चाळीत यायची ती तार. गिरणगावाचा इतिहास लिहिताना संप, युनियन, शाहिरी, नाटकं यांवर भरपूर लिहिलं गेलं, ते योग्यच आहे. सड्यावर राहून या शहराचा संसार चालवणाऱ्या बाईच्या पायाजवळ काय सळसळत होतं, हेही त्या इतिहासात यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेचं आवार आहे. एका बाजूला केईएम, टाटा, वाडिया या रुग्णालयांची गर्दी, आणि आत जुनी झाडं, त्यांच्यामध्ये एक प्रशस्त जुनी वास्तू. मूळ पोर्तुगीजांच्या काळातला मठ आणि प्रार्थनाघर. अठराव्या शतकात ते इंग्रजांनी घेतलं आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर इथे राहू लागले. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी इथेच पटकीने वारल्या, त्यानंतर गव्हर्नरांचं बिऱ्हाड मलबार हिलला गेलं. रिकाम्या पडलेल्या या वाड्यात १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा आली. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचं नाव मिळालं. ज्या दिवाणखान्यांत मेजवान्या झडल्या तिथे लशी बनू लागल्या. मुंबईतल्या कुठल्याही राजवाड्याचा याहून चांगला उपयोग झालेला मला माहीत नाही.

प्लेगपासून सुरू झालेलं काम पुढे रेबीज, पटकी, धनुर्वात आणि सर्पविषापर्यंत गेलं. हाफकिनमध्ये सापांवर काम केलेल्या पी. जे. देवरस यांनी भारतातल्या सापांवर लिहिलेलं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ मध्ये काढलं. १९७५ मध्ये औषधनिर्मितीचा भाग वेगळा होऊन राज्य सरकारची हाफकिन जीव-औषध निर्माण कंपनी झाली, आणि तिचं घोड्यांच्या रक्तातून प्रतिविष काढण्याचं काम पिंपरीला चालतं.

प्रतिविष कसं तयार होतं हे एकदा समजून घेतलं की त्या छोट्या बाटलीकडे बघण्याची नजर बदलते. सापाचं विष काढून गोठवून सुकवतात. त्याच्या अगदी बारीक मात्रा निरोगी घोड्याला टोचतात, मग हळूहळू वाढवत नेतात. घोडा आजारी पडत नाही, पण त्याच्या रक्तात विषाला धरून निकामी करणारी द्रव्यं तयार होतात. ठरावीक अंतराने त्याचं थोडं रक्त घेतात, त्यातला द्रव वेगळा काढतात, तांबड्या पेशी घोड्याला परत देता येतात. द्रवातली ती द्रव्यं पेप्सिनने तोडून, शुद्ध करून, सुकवून बाटलीत भरतात. भारतात प्रतिविष चार सापांच्या विषांवर मिळून एकच असतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. दहा मिलिलिटरच्या बाटलीतल्या प्रत्येक मिलिलिटरने नागाचं आणि घोणसाचं ०.६ मिलिग्रॅम, मण्यारीचं आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी व्हावं, असा दंडक आहे. म्हणूनच सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून कमी विष सोडत नाही. हाफकिनपासून चालत जाण्याच्या अंतरावर १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकरबाई जनावरांचा दवाखाना आहे. परळमध्ये माणसांची आणि जनावरांची वैद्यकी अशी शेजारी शेजारी वाढली, आणि सर्पदंशाच्या औषधात तर ती एकमेकींत मिसळूनच गेली.

एक अडचण इथे सांगायलाच हवी. देशातल्या बहुतेक प्रतिविषासाठी लागणारं विष चेन्नईजवळच्या इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येतं. १९७८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आदिवासींच्या ज्ञानावर उभी आहे आणि तिचं ऋण सगळ्या देशावर आहे. पण सापाचं विष प्रदेशागणिक थोडं बदलतं. राजस्थानच्या वाळूतल्या फुरशावर हे प्रतिविष पुरेसं चालत नाही असं डॉक्टरांना दिसून आलं आहे. ज्या मुलखातला साप, त्या मुलखातलं विष वापरून प्रतिविष बनवावं ही मागणी त्यातूनच आली. कोकणचं फुरसं आणि परळची विद्या यांची गाठ महाराष्ट्राने आपल्या घरातच घालावी, इतकं साधं हे मागणं आहे. चापड्याच्या विषावर तर या चौघांच्या प्रतिविषाचा उपयोगच नाही.

समोरच केईएम. १९२६ पासून हे रुग्णालय मुंबईचं आणि मुंबईबाहेरच्या गरिबांचं शेवटचं ठिकाण आहे. फुरशाचा दंश झालेला रुग्ण कोणत्याही दवाखान्यात आला की डॉक्टर आधी एक फार साधी चाचणी करतात. नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी कलती करायची. रक्त गोठलं नसेल आणि वाहू लागलं तर विष चढलेलं आहे, प्रतिविष द्यायचं. ना यंत्र लागतं, ना वीज. खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती करता येते. सहा तासांनी पुन्हा करून पाहायची आणि रक्त गोठायला लागेपर्यंत लक्ष ठेवायचं. प्रतिविषाची ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ॲड्रेनालिनची सिरिंज भरून शेजारी ठेवलेली असावी लागते. या भीतीपोटी काही ठिकाणी इंजेक्शन न देताच रुग्णाला पुढे धाडतात, आणि वाटेतले ते तास जिवावर बेततात.

त्याच विषातून माणसाने औषधही शोधलं आहे. फुरशाच्या विषातलं एक प्रथिन रक्तातल्या चिकट पेशी एकमेकींना धरू देत नाही. त्याचा अभ्यास करून तिरोफिबान हे औषध घडवलं गेलं. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनीत गुठळी वाढू नये म्हणून ते वापरतात. सड्यावर एकाचं रक्त थांबू न देणारं विष, शहरातल्या दुसऱ्याच्या हृदयातलं रक्त वाहतं ठेवायला शिकवून गेलं. हे कळल्यापासून मला फुरशाबद्दल आदर वाटत आला आहे.

संध्याकाळी परळच्या एसटी स्थानकावर आलो तेव्हा रांग रस्त्यापर्यंत आली होती. पोती, पिशव्या, मखराचे गठ्ठे, मांडीवर झोपलेली पोरं. मालवणकडे निघालेल्या एका काकांशी बोलणं निघालं. मी फुरशाचं नाव काढताच ते म्हणाले, ‘आमच्या गडग्यात फुरसा असताच. बत्ती घेतल्याशिवाय आम्ही भायर पडनव नाय.’ त्यांचं ऐकून शेजारची शाळकरी मुलगी पुढे सरकली. तिला गावच्या घरामागच्या लाकडाच्या ढिगाची भीती वाटत होती. काकांनी तिला नीट समजावलं: लाकूड उचलायच्या आधी काठीने हलवायचं, आणि दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. ॲरिझोनातल्या वाळवंटात फिरणाऱ्यांनाही जाणकार हेच सांगतात, आणि तेही खुळखुळा ऐकू आला की जागच्या जागी थांबा, साप कुठे आहे ते बघा, मग हळूच मागे सरा असं सांगतात. फुरशाचा आवाज कानी पडला तरी हेच करावं. ते चपळ आहे, झेप घेतं, पण माणसाच्या मागे लागत नाही.

वर्षभर बंद असलेलं घर सणाला उघडायचं असतं, तेव्हा विशेष सांभाळावं. ओटीवरची पोती, पाटा-वरवंट्याची फळी, मोरीचा कोपरा उजेडात बघून मगच हात लावावा. घराला लागून दगड, कौलं, शेणी रचू नयेत. त्यात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. रात्री अंगणातसुद्धा विजेरी आणि बूट. गवत कापायला जाताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट फार उपयोगी, कारण फुरसं बहुतेकदा पावलाला किंवा घोट्याला डसतं. जमिनीवर झोपायचं तर मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून घ्यावी; ती फुरशापेक्षाही मण्यारीसाठी, कारण मण्यार झोपेत चावते आणि चावलेलं कळतही नाही.

आणि पान लागलंच तर? अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढावेत, सूज चढली की ते रुततात. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतात तसा फळी लावून स्थिर ठेवावा. घट्ट दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही. फुरशाच्या दंशावर काप घेतला तर रक्त थांबत नाही, हे एवढं तरी प्रत्येक घरात माहीत असावं. रुग्णाला चालवू नये. १०८ ला फोन करावा. गाडीला वेळ लागणार असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्यावं. साप पकडत बसू नये, प्रतिविष चारही सापांवर एकच आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करून कोकणातले असंख्य जीव वाचवले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गावातल्या साध्या दवाखान्यात काय घडू शकतं याचा हा आपल्याच मुलखातला पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं, आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी दवाखान्यातली नोंद आणि शवविच्छेदन लागतं, म्हणून घाईघाईत अंत्यसंस्कार करून टाकू नये.

मी दादरला जाऊन मध्यरात्रीची सावंतवाडीची तुतारी एक्सप्रेस धरणार होतो. फलाटावर माझ्याच डब्याच्या रांगेत कणकवलीजवळचं एक कुटुंब होतं. त्यांना मी एकच विचारलं, तुमच्या गावाला सगळ्यात जवळ प्रतिविष कुठे मिळतं? कोणालाच माहीत नव्हतं. थोरल्या मुलाने तिथूनच गावच्या आशाताईंना फोन लावला. रात्र झालेली असूनही त्यांनी उचलला आणि सांगितलं की आरोग्य केंद्रात आहे, रात्रीही डॉक्टर असतात, नदीला पूर आला तर मात्र वरच्या रस्त्याने ग्रामीण रुग्णालय गाठायचं. मुलाने दोन्ही नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घातले. मग त्याच्या आईने त्याच्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, ‘ताई, बाटल्या किती आहेत? दहा आहेत ना?’